प्रयत्न चांगला होता!

मराठी प्रायोगिक नाटकाला ठार मारायचं असेल तर शिव्या द्यायची काहीच गरज नाही. सेन्सॉर नको, मोर्चा नको, कोर्टकचेरी नको. प्रयोग संपल्यावर बाहेर यायचं, दिग्दर्शकाचा हात हातात घ्यायचा, मान किंचित तिरकी करायची आणि म्हणायचं, "प्रयत्न चांगला होता." बास. काम झालं.

या वाक्याची सख्खी भावंडंही आहेत. "वेगळं होतं." "मुलांनी मेहनत घेतलीये." "अशी नाटकं व्हायला हवीत." शेवटचं म्हणणारा माणूस अशा नाटकाला पुन्हा कधीही येत नाही, हा माझा ठाम अनुभव. ही चारही वाक्यं नाटक न बघताही म्हणता येतात, आणि तिथेच त्यांची लायकी कळते. हे कौतुक नाही, सभ्यपणा तर नाहीच नाही. हा अपमान आहे, आणि तो समोरच्याला धड रागावताही येऊ नये इतक्या गोड आवाजात केलेला आहे.

जरा आठवून बघा, व्यावसायिक नाटकाला आपण असं कधी म्हणतो का? बालगंधर्वला चारशे-पाचशेचं तिकीट काढून गेलो आणि नाटक पडलं, तर मध्यंतरातच वडा खाता खाता पंचनामा सुरू होतो. "पहिला अंक लांबलाय", "तो नुसता टाळ्यांसाठी थांबतो", "तिला काही कामच नाही नाटकात". पार्किंगमधून गाडी बाहेर निघेपर्यंत लेखकाची, नटाची आणि निर्मात्याची कुंडली मांडून झालेली असते. तिथे आपण गिऱ्हाईक असतो, पैसे मोजलेले असतात आणि त्या नाटकाला आपण बरोबरीचं समजतो. छोट्या रंगमंचावर शंभर माणसांपुढे होणाऱ्या नाटकाला मात्र आपण दवाखान्यात आजारी माणसाला भेटायला जावं तसे जातो. "बरा दिसतोयस हो," म्हणायचं, खुर्चीच्या कडेवर पाच मिनिटं बसायचं आणि बाहेर येऊन सुस्कारा सोडायचा.

गेल्या महिन्यात पुण्यातल्या अशाच एका छोट्या जागी एक नवं नाटक बघितलं. नाव सांगत नाही, कारण मुद्दा त्या एका नाटकाचा नाही. घड्याळदुरुस्तीचं एक जुनं दुकान, ते विकायला काढलेले दोन भाऊ. पहिला अर्धा तास रंगमंचावर काहीही नव्हतं, दोन स्टुलं आणि दोन नट. दोघं दुकानातल्या मालाची मोजदाद करत होते. नसलेले खण उघडत होते, नसलेली घड्याळं कानाला लावत होते, आणि त्या मोजदादीतून हळूहळू कळत होतं की धाकट्याने मोठ्याला काय काय कधीच माफ केलेलं नाही. इतकं स्वच्छ काम मी बऱ्याच दिवसांत बघितलं नव्हतं. सभागृहात खोकलासुद्धा ऐकू येत नव्हता.

आणि मग काळ्या कपड्यांतली सहा मुलं आली. हातात टॉर्च. काळ या विषयावर मुक्तछंद सुरू झाला. मागच्या पडद्यावर प्रोजेक्टरमधून घड्याळाचे काटे उलटे फिरायला लागले. दोघं भाऊ कोपऱ्यात जाऊन उभे राहिले ते थेट शेवटापर्यंत. त्या दोघांच्या भांडणात काळ होताच की! ठासून भरलेला होता. त्याच्यावर वेगळी कविता कशाला हवी होती?

प्रयोगानंतर दाराशी चहा होता. दिग्दर्शक उभा होता, पंचविशीतला असेल. माणसं रांगेने येऊन त्याला भेटत होती, आणि मी कान देऊन ऐकत होते. छान. वेगळं. प्रयत्न चांगला. मेहनत दिसते. पुन्हा प्रयत्न चांगला. त्या रांगेत नाटक करणारे होते, नाटकावर लिहिणारे होते, शिकवणारे होते. पहिल्या अर्ध्या तासात नाटक होतं आणि नंतर ते हातातून सुटलं, हे त्यातल्या एकानेही त्याला सांगितलं नाही. दहा पावलांवर, गाड्या काढताना, तेच लोक एकमेकांना नेमकं हेच सांगत होते.

माझ्याबरोबर आत्या होती. आयुष्यभर पोस्टात नोकरी केलेली बाई, प्रायोगिक वगैरे शब्दांशी काही देणंघेणं नाही. रिक्षात बसल्यावर म्हणाली, "ते दोघं हिशेब करत होते तोपर्यंत मला दुकान दिसत होतं गं. ती काळ्या कपड्यातली पोरं आली आणि दुकान गेलं कुठे?"

मी म्हटलं, "अगं, हे त्याला का नाही सांगितलंस?"

"मी? मला काय कळतं त्यातलं?"

त्या संध्याकाळची सगळ्यात चांगली समीक्षा अशी रिक्षात झाली, मीटर चालू असताना. दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाला फोन करून आत्याचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग तो म्हणाला, "ताई, तीन महिने तालमी चालल्या. कितीजण येऊन बघून गेले. हे एकही माणूस का नाही बोललं?"

त्याच्या प्रश्नाचं माझ्याकडे एक उत्तर आहे, आणि ते कुणाला आवडणार नाही. उत्तर आहे 'पास'.

छोट्या नाटकाच्या प्रेक्षकांत डोकावून बघा. नटाचे आईवडील, नटीची मैत्रीण, मागच्या नाटकातला सहकारी, पुढच्या नाटकात घ्यावं अशी आशा असलेला मुलगा, आणि "अरे, दोन ठेव ना आमच्यासाठी" असा फोन करून आलेले आपण. तिकीट न काढता आलेल्या माणसाला तोंड नसतं. ज्याच्या घरी जेवलो त्याच्या आमटीत मीठ जास्त होतं असं दारात उभं राहून म्हणता येतं का? मग आपण "छान झाली होती हो आमटी" म्हणतो. पास घेतलेला माणूस जे बोलतो ते हेच. आणि पास देणाऱ्यालाही ते ठाऊक असतं, म्हणून तोही त्या शब्दांवर विश्वास ठेवत नाही. दोन्ही बाजूंनी खोटं आणि मधे आलं घातलेला चहा.

पैशाचा हिशेबही करू. आकडे उदाहरणापुरते घेते. समजा शंभर खुर्च्या आणि तिकीट अडीचशे रुपये. सगळी तिकिटं विकली गेली तर पंचवीस हजार येतात. त्यातल्या चाळीस खुर्च्या पासावर गेल्या तर उरले पंधरा हजार. त्यात जागेचं भाडं, दिव्यांचं भाडं, सामान आणणारा टेम्पो, रंगभूषा, इस्त्री आणि सोळा माणसांचे वडापाव. नटाच्या हातात काय पडत असेल ते तुम्हीच काढा. म्हणजे ज्यांना आपण "पोरं किती तळमळीने करतात" असं म्हणतो, त्या पोरांच्या खिशातून आपण आपली करमणूक वसूल करत असतो. अडीचशे रुपयांत आज दोन माणसांचं धड खाणं होत नाही. तेवढेसुद्धा जड होत असतील तर घरी बसावं, पण तळमळीचं कौतुक करू नये.

इथे नेहमीचा आक्षेप येतो. "अहो, ही मुलं दिवसभर नोकरी करतात, रात्री तालमी करतात, पदरचे पैसे घालतात. त्यांना कशाला टोचायचं? नाउमेद होतील ना."

नाउमेद माणूस टीकेने होत नाही, दुर्लक्षाने होतो. आणि "प्रयत्न चांगला" हे चांगले कपडे घातलेलं दुर्लक्षच आहे. आपल्याकडचा इतिहासच बघा ना.

१९६७ साली 'रंगायन'ने 'शांतता! कोर्ट चालू आहे' केलं. दिग्दर्शन अरविंद देशपांड्यांचं, बेणारेबाई सुलभा देशपांडे. त्या नाटकाला लोकांनी "वेगळं होतं" म्हणून वाटेला लावलं नाही. बेणारेचं चुकलं की तिच्यावर खटला भरणाऱ्यांचं, यावर माणसं भांडली. १९७० साली डॉ. श्रीराम लागूंनी 'गिधाडे' रंगमंचावर आणलं. त्यातल्या लुगड्यावरच्या रक्ताच्या लाल डागाला सेन्सॉरने हरकत घेतली, तेव्हा डाग निळा केला गेला, आणि हा निळा डाग प्रेक्षकांनी लाल समजावा अशी प्रयोगाआधी चक्क घोषणा केली गेली. १६ डिसेंबर १९७२ ला पुण्यात भरत नाट्य मंदिरात 'घाशीराम कोतवाल'चा पहिला प्रयोग झाला. वाद पेटला आणि १९ प्रयोगांनंतर पीडीएचे अध्यक्ष भालबा केळकरांनी नाटक थांबवलं. जब्बार पटेल, सतीश आळेकर, मोहन आगाशे ही त्यावेळची तरुण मंडळी बाहेर पडली, १९७३ मध्ये त्यांनी थिएटर अकॅडमी काढली आणि 'घाशीराम' पुन्हा उभं केलं. १९८० मध्ये ते युरोपात गेलं, तेव्हाही विरोध झालाच.

थांबवणारे बरोबर होते असं मला मुळीच म्हणायचं नाही. बंदी हे टीकेचं रूप नव्हे, ती टीका करता न येणाऱ्याची पळवाट आहे. पण एक गोष्ट कबूल करायला हवी. ते लोक नाटकाला घाबरत होते. नाटक काहीतरी करू शकतं यावर त्यांचा विश्वास होता. आपला आहे का? आजही महाराष्ट्रात जाहीर प्रयोगाआधी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवावी लागते. अमोल पालेकरांनी २०१६ मध्ये या पद्धतीला उच्च न्यायालयात आव्हान दिलं, आणि माझ्या मते ते योग्यच केलं. पण गंमत बघा. सरकार नाटक होण्याआधी ते वाचतं, आणि आपण ते झाल्यावरसुद्धा त्यावर चार वाक्यं बोलत नाही. दोघांत नाटकाला जास्त गंभीरपणे कोण घेतं?

त्या काळी माधव मनोहरांसारखा समीक्षक होता. कुठलं मराठी नाटक कुठल्या परदेशी नाटकावरून उचललंय ते हुडकून काढून छापायचा. पुष्पाबाई भावे होत्या, ज्ञानेश्वर नाडकर्णी होते. यांच्या लिखाणाने नाटकवाले दुखावत असतील, चिडत असतील, पण कुणीतरी नीट बघतंय हे त्यांना माहीत होतं. आज वर्तमानपत्रांत प्रायोगिक नाटकाला जागा मिळते ती बहुतेक वेळा प्रयोगाआधी, वेळ आणि स्थळ कळवण्यापुरती. प्रयोगानंतर शांतता. त्या शांततेत आपल्यासारख्या लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या लोकांनी बोलायचं नाही तर कुणी बोलायचं?

दुसरा आक्षेप जरा वजनदार आहे. "प्रयोग म्हटला की फसायचा हक्क आला. फसण्याची मुभा नसेल तर नवीन काही होणारच नाही."

शंभर टक्के मान्य. पण फसलं असं कुणी म्हटलंच नाही, तर ते फसलं हे कळणार कसं? प्रयोगशाळेत परीक्षानळी फुटली की आवाज होतो, आणि पुढच्या वेळी माणूस आच कमी ठेवतो. आपण फुटलेल्या नळीला टाळ्या वाजवतो. मग काय होतं? पुढच्या वर्षी आणखी एक नाटक, पुन्हा काळे कपडे, पुन्हा टॉर्च, दोन ठोकळे, मधेच प्रेक्षकांत येऊन बसणं, शेवटी अंधारात श्वासांचा आवाज. ज्याला आपण प्रायोगिक म्हणतो त्याचाच एक साचा झालाय, आणि गल्लाभरू नाटकाच्या साच्यापेक्षा तो वाईट, कारण गल्लाभरू नाटक निदान स्वतःला गल्लाभरू समजतं. सतीश आळेकरांच्या १९७४ च्या 'महानिर्वाण'मध्ये मेलेला भाऊराव स्वतःच्याच मरणाचं कीर्तन करतो. तो काही चमत्कृतीचा हव्यास नव्हता. ती गोष्ट सांगायला तोच घाट लागत होता. टॉर्च कशासाठी लागतेय, हा प्रश्न विचारायचा हक्क प्रेक्षकाला आहे. विचारलाच पाहिजे.

आणि जे अस्सल असतं त्याला दयेची गरज पडत नाही. २०१२ मध्ये 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' आलं. लेखक राजकुमार तांगडे, दिग्दर्शक नंदू माधव, आणि नटमंडळी जालन्याकडची, त्यात शेती करणारी माणसं. ना ओळखीचे चेहरे, ना मालिकेतली नावं. नाटक राज्यभर फिरलं. प्रेक्षक हसले, चिडले, वाद घातले, पुन्हा तिकीट काढून आले. त्यांना कुणी "मुलांची मेहनत बघा हो" असं विनवलं नव्हतं.

आता थोडं आपल्या घरच्या मंडळींसाठी, कारण हे वाचून "आम्हाला काय कळतंय त्यातलं" असा निरोप येणार हे मला दिसतंय. :)

काका, मावशी, आत्या, सगळ्यांनाच सांगते. "मला कळलं नाही" हे वाक्य "प्रयत्न चांगला होता"पेक्षा शंभर पटीने इमानदार आहे. फक्त तिथे थांबू नका. कुठपर्यंत कळत होतं ते सांगा. कुठे घड्याळाकडे बघितलंत ते सांगा. घरी गेल्यावर, भांडी घासताना, काय आठवलं ते सांगा. एवढ्या तीन गोष्टींसाठी नाट्यशास्त्र शिकायला लागत नाही. भाजी घेताना आपण वांगं दाबून बघतोच ना, तिथे कुठे शेतीची पदवी लागते? "मला काय कळतं" म्हणणारा प्रेक्षक नम्र वाटतो खरा, पण त्याच्या त्या नम्रपणामुळे नाटक चार जाणकारांच्या ताब्यात जातं. आणि जाणकार काय बोलतात ते वर सांगितलंच आहे.

नाटक करणाऱ्यांनाही दोन गोष्टी सांगायच्यात. पहिली, पास बंद करा. आईवडिलांनाही तिकीट काढायला लावा, आवडीने काढतील. पैसे नसलेल्या विद्यार्थ्यासाठी तिकीट स्वस्त ठेवा, पण फुकट ठेवू नका. दुसरी, 'प्रायोगिक' हा शब्द ढालीसारखा वापरू नका. कुणी "इथे कंटाळा आला" म्हटलं की "तुम्हाला ही भाषा समजायला वेळ लागेल" हे उत्तर नव्हे. बादल सरकार नाटक घेऊन मैदानात, खेड्यात गेले ते समोरच्या माणसाशी बोलायला, त्याची परीक्षा घ्यायला नाही.

हे सगळं मी इतक्या तावातावाने का लिहितेय, असं वाटेल. कारण या जागा टिकणं सोपं नाही. दादरला छबिलदास शाळेच्या सभागृहात १९७४ पासून 'आविष्कार'ने एक अख्खी चळवळ उभी केली. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ती जागा सुटली, आणि आज छबिलदास म्हटलं की बऱ्याच लोकांना गल्लीतला बटाटावडाच आठवतो. पुण्यात शनिवार पेठेत सुदर्शन रंगमंचाने कितीतरी पोरांना पहिल्यांदा उभं राहायला जागा दिली. अशा जागा कुणीतरी पदरमोड करून, वर्षानुवर्षं झिजून चालवतं. तिथे उभं राहणाऱ्या मुलांना आपण फक्त गोड बोलणार असू, तर ती जागा आणि वाढदिवसाचा हॉल यात फरक तो काय? वाढदिवसालाही सगळे जमतात, टाळ्या वाजवतात, केक खातात आणि घरी जातात. दुसऱ्या दिवशी कुणाचं काही बदललेलं नसतं.

मला वाटतं, आपण त्या मुलांचं एक देणं लागतो. तीन महिने रात्री जागून त्यांनी आपल्यासाठी काहीतरी मांडलेलं असतं. ते आपण खरंच बघितलं, हे त्यांना कळायला हवं. आवडलं तर नेमकं काय आवडलं ते, नाही आवडलं तर नेमकं कुठे सुटलं ते. तोंडावर, नावानिशी आणि प्रेमाने. भांडण झालं तरी चालेल. नाटकावर भांडण होणं हे शहर जिवंत असल्याचं लक्षण आहे, आणि पुणं-मुंबई तर त्याबद्दल प्रसिद्धच आहेत.

असो. पुढच्या वेळी कुणी "दोन पास मिळतील का गं?" असं विचारलंत, तर माझं उत्तर आत्ताच ऐकून ठेवा. मिळणार नाहीत. तिकीट काढा, शेवटपर्यंत बसा, आणि बाहेर आल्यावर खरं बोला.